गौर उठणार नाही

उजव्या काखेत विलासचा हात, डाव्या काखेत रिक्षावाल्याचा. मध्ये मी. पाय हवेत. तसे माझे पाय जमिनीवर असले तरी हवेतच असतात, दोन वर्षांची असताना पोलिओ झाला तेव्हापासून त्यांचं जमिनीशी बोलणं बंद आहे. पण त्या दिवशी अख्खी मीच हवेत. घाटकोपर पूर्वेला, दवाखान्याच्या गेटासमोर, सकाळचे साडेदहा. केसपेपरच्या रांगेतली झाडून सगळी माणसं वळून बघतायत. पदर भलतीकडे. कुबड्या रिक्षात. उजव्या पायातली चप्पल रस्त्यात पडली, ती कुणी उचलली नाही.

मला स्टॉलमधल्या स्टुलावर ठेवलं. बसवलं नाही, ठेवलं.

समोर नाना. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. हात जोडून म्हणाले, "गौर आली!"

विलासला सूर सापडला. "कशाच्या पावलांनी आली?"

"सोन्याच्या पावलांनी!"

भाद्रपदात गौर घरात आणतात तेव्हा बायका असंच विचारतात आणि असंच सांगतात. उंबऱ्यापासून आतपर्यंत रांगोळीची पावलं काढलेली असतात, त्यांवरून ती चालत येते. माझी पावलं मघाशी दोन पुरुषांच्या मध्ये लोंबकळत होती. रिक्षावाला हसला. रांगेत हाताला सलाइन लावलेला एक माणूस हसला. त्याची बाटली धरून उभी असलेली त्याची बायकोसुद्धा हसली, बाटली गदागदा हलली.

मग नाना वाकले. हळूच म्हणाले, "साडी जरा वर घे गं. पायाची ती लोखंडी पट्टी दिसू दे. ती दिसली की साहेब जास्त विचारत नाही."

मी साडी वर घेतली.

आणि मी हसले. हे लिहिताना हात अडतोय, पण लिहिते. सगळ्यांत मोठ्याने मी हसले.

मला वाढवून सांगायची खोड आहे, हे आधीच कबूल करते. जिथे वाढवलंय तिथे तुम्हाला कळेल. वरच्या प्रकारात एक शब्द वाढवलेला नाही. गरज पडली नाही.

स्टॉल माझा होता. म्हणजे नावाने. अठरा वर्षांपूर्वी अपंगांना टेलिफोन बूथ मिळायचे. आई तेव्हा नानांच्या घरी पोळ्या करायची. दिवसाला साठ पोळ्या. मी लोकांना सहाशे सांगते. नाना सरकारी कचेरीतून नुकतेच निवृत्त झालेले, सोसायटीचे सेक्रेटरी, कुठल्या टेबलावर कुठला कागद अडतो हे झोपेत सांगणारा माणूस. एक दिवस पोळपाटासमोर उभे राहून आईला म्हणाले, "तुझ्या मुलीच्या नावाने अर्ज करू. धावपळ माझी. तिने घरी बसायचं. बसून खायचं."

आईने पिठाच्या हातांनी नमस्कार केला. मी तेवीस वर्षांची होते. मी पण केला.

परवाना आला. त्यावर माझा फोटो, माझं नाव आणि खाली एक ओळ: परवानाधारकाने स्वतः बसून व्यवसाय करावा, परवाना इतरांस चालवण्यास देऊ नये. ती ओळ मी वाचली होती. वाचून सही केली होती. पुढे टेलिफोन मेले, झेरॉक्स आली, लॅमिनेशन आलं, दवाखान्याचे फॉर्म भरून देणं आलं. नानांचा भाचा विलास स्टॉल चालवायला लागला. मला महिन्याला आधी सातशे, शेवटी शेवटी दोन हजार. मध्येच सरकारने आमचं नाव अपंगाचं दिव्यांग केलं. नानांनी त्याच आठवड्यात शब्द बदलला. रक्कम नाही बदलली.

वर्षातून एकदा तपासणी. जुन्या ओळखीचं कुणीतरी नानांना आदल्या दिवशी कळवायचं. मग रिक्षा यायची, मला न्यायची, दीड तास मी स्टुलावर. वर भिंतीवर परवान्याची फ्रेम, खाली मी. साहेब विचारणार, "रोज तुम्हीच बसता?" मी म्हणणार, "हो साहेब, नऊ ते नऊ." साहेब पट्टीकडे बघणार, चुकचुकणार, सही करणार. साहेब कोपऱ्यावर वळला की नाना टाळी वाजवणार.

"चला, गौर बोळवा."

की पुन्हा काखेत हात.

आम्ही राहतो घाटकोपर पश्चिमेला, डोंगरावरच्या वस्तीत. घरापर्यंत ब्याऐंशी पायऱ्या. पाहुण्यांना मी दोनशे सांगते, ते अर्ध्यातच विश्वास ठेवतात. त्या पायऱ्या मी बसून चढते. कुबड्या एक पायरी वर सरकवायच्या, तळहात टेकायचे, अंग उचलायचं. कधी कुणाला हात लावू दिलेला नाही. डोंगर मी माझ्या हातांनी चढायची आणि रिक्षापासून स्टॉलपर्यंतच्या पाच पावलांना मला दोन पुरुष लागायचे. कारण नानांना घाई असायची.

तर त्या दिवशी संध्याकाळी मी नळावर तो किस्सा सांगितला. माझा किस्सा म्हणजे वस्तीत सणच. दोघांचे मी आठ जण केले. पुढे बँजो लावला. साहेबाला माझ्या पाया पडायला लावलं, पट्टीला हार घातला. बायका हसून हसून भांड्यांवर पडल्या. एकीची कळशी घरंगळत सात पायऱ्या खाली गेली.

आई दारात कुळीथ निवडत होती. ती हसली नाही. सगळ्या गेल्यावर म्हणाली, "तू थंय हसलंस कित्याक गो?"

"मग काय रडू?"

"रडाक नाय म्हणूक मी. तू हसलंस कित्याक, ता सांग."

मला सांगता आलं नाही. मी, जी कुणी पत्ता विचारला तरी त्यात वाघ घालून सांगते, त्या मला एक वाक्य सुचलं नाही. माझं काम घरी साड्यांना फॉल लावायचं. आठ दिवस सुई कापडात कमी आणि बोटात जास्त गेली. हसलीस कशाला? लहानपणापासून मी हेच करत आले होते. कुणी लंगडी म्हणायच्या आधी मीच लंगडीवर विनोद करायचा. म्हणजे दुसऱ्याचा दगड यायच्या आत स्वतःच डोकं फोडून घ्यायचं आणि वर टाळ्या मिळवायच्या.

नवव्या दिवशी नानांना फोन केला. "नाना, स्टॉलवर मी बसते रोज."

नाना हसले. "तुला जमणार आहे का? पाणी प्यायला उठावं लागतं. बाथरूमला काय करशील?"

"विलास काय करतो?"

"विलासचं वेगळं. अगं, तुला बसून मिळतंय ना? मग उठतेस कशाला?"

फोन ठेवला. मी उठायला मागतच नव्हते. मी बसायला मागत होते.

मग मी जी लबाडी केली तिचा मला आजही अभिमान आहे. स्टॉलच्या नंबरवर फोन करायला लागले. कधी मुलुंडची गुजराती बेन, कधी चेंबूरची हेडबाई, एकदा तर नाक दाबून वकील. लॅमिनेशन केवढ्याला? कलर कॉपी केवढ्याला? टोनर कुठून आणता हो, आमचा फार लवकर संपतो? विलास बिचारा सगळ्यांना अदबीने सांगायचा. अख्खी मुंबई आता लॅमिनेट होणार असं त्याला वाटलं असणार. डोंगराच्या पायथ्याला एक झेरॉक्सवाली बाई आहे, तिच्याकडे तीन महिने दुपारी जाऊन बसले. पहिल्या दिवशी स्वतःच्या पदराची झेरॉक्स काढली. काठाची नक्षी छान आली होती. तिसऱ्या महिन्यात अडकलेला कागद डोळे मिटून काढायला लागले.

बँकेतही गेले. आजवरचं खातं आईबरोबर जोडीचं होतं, मला एकटीच्या नावाने हवं होतं. काउंटरवरचा माणूस माझ्या डोक्यावरून मागे बघत म्हणाला, "सोबत कोण आहे?"

"कुबड्या," मी म्हटलं. "त्यांची सही लागेल का?"

खातं निघालं. आठ दिवसांनी पैसे घ्यायचा क्यूआर कोड आला, खाली माझं नाव छापलेलं. तो फॉलच्या गुंडाळ्यांच्या डब्यात लपवला. आईला पण सांगितलं नाही.

वर्ष फिरलं. रिक्षा आली. काखेत हात, पाय हवेत, "गौर आली!" पण यंदा पोटाशी, निऱ्यांच्या आत, तो कोड होता. पुठ्ठा खुपत होता. मी हसले नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही.

तपासणीला नवीन मॅडम आल्या. पट्टीकडे त्यांनी बघितलंच नाही. "मोठ्या कागदाचा दर काय?" सांगितला. "दोन्ही बाजूंनी?" सांगितला. "आणि कागद अडकला तर?" मी हात लांब करून मशीनचं झाकण उघडलं, हिरवा खटका दाबला, चुरगळलेला कागद काढून त्यांच्या हातात दिला. विलासचं तोंड त्या झाकणापेक्षा मोठं उघडलं. नानांना वाटलं, पोरीने छान पाठ केलंय. मान डोलावत होते.

मॅडम सही करून गेल्या. नानांनी टाळी वाजवली. "झकास! चला, गौर बोळवा."

विलास काखेत हात घालायला वाकला.

"नाही," मी म्हटलं.

"काय नाही?"

"मी बसलेय."

"बसलीस ते दिसतंय. आता उठ."

"हात लावलात तर ओरडेन. पूर्वेचं ओरडणं पश्चिमेला ऐकू जाईल असं ओरडेन."

नाना अजून हसत होते, पण हसणं ओठांच्या कडेला अडकलेलं. "चेष्टा पुरे. रिक्षाचं वेटिंग चाललंय."

"चेष्टा तुमची होती, नाना. अठरा वर्षं. परवान्यावर लिहिलंय, स्वतः बसावं. मी बसले."

रांगेतल्या माना वळल्या. गेटाजवळ सुकट-बोंबलाची टोपली घेऊन बसणारी पुष्पामावशी, कोळीण, उठून उभी राहिली. नानांचा आवाज खाली आला आणि धारदार झाला. "तुझ्या आईने माझ्या घरचं मीठ खाल्लंय."

"मीठ नाही खाल्लं. पोळ्या लाटल्या."

मी विलासकडे वळले. "तुला राहायचं तर राहा. काम तू जाणतोस. पगार मी देईन."

त्याचा चेहरा लाल झाला. "लंगडीच्या हाताखाली?"

हा शब्द मला नवा नव्हता. त्या तोंडून नवा होता. बारा वर्षं तो मला ताई म्हणत होता.

नाना एकच वाक्य बोलले. "शटर ओढ. बसू दे तिला किती बसायचंय ते."

आणि विलासने शटर ओढलं.

खडखडाट झाला आणि अंधार. बाहेर कुलूप अडकल्याचा आवाज. माझ्या कुबड्या रिक्षात होत्या. रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला, मग दूर गेल्याचा.

मे महिना. पत्र्याचा डबा. आतली हवा एवढी तापलेली की... नाही, इथे वाढवत नाही. घाबरले होते. खूप. फोन पर्समध्ये आणि पर्स रिक्षात. वाटलं, ओरडावं, माफी मागावी, उचला मला, न्या. शटरवर थापा मारायला हात वर केला आणि हात लगेच पत्र्याला लागला. म्हणून दुसरा हात उलट्या बाजूला नेला. तोही भिंतीला लागला.

तेव्हा मला कळलं.

विलास या स्टॉलमध्ये बारा वर्षं मान वाकडी करून उभा राहायचा. छत डोक्याला लागतं, मशीन कमरेत घुसतं, अशी त्याची रोजची रड. कारण हा डबा उभ्या माणसासाठी बनवलेलाच नव्हता. बसलेल्या माणसासाठी बनवला होता. बसल्या जागेवरून मशीन हाताला लागत होतं. कागद हाताला. पंख्याचं बटण हाताला. अठरा वर्षांपूर्वी कुठल्या तरी सुताराने कुणाच्या तरी मापाने हे सगळं ठोकलं होतं, आणि ते माप माझं होतं.

मी बटण दाबलं. पंखा फिरला. मशीनचा हिरवा दिवा लागला.

उजवीकडे खाली उजेडाची एक फट होती. कधीतरी टेम्पोने ठोकल्यामुळे शटरचा तो कोपरा वाकलेला, चार बोटं जातील एवढी जागा. त्यातून कुणाचे तरी पाय दिसत होते आणि एक बाई विचारत होती, "झेरॉक्स बंद हाय का? आधार कार्डाची पायजे, आत घेत नायत त्याबिगर."

"चालू आहे," मी आतून म्हटलं. "फटीतून सरकवा."

पाय दचकून मागे गेले. मग पुष्पामावशीचा आवाज. "अगो भिऊ नको, भूत नाय! मालकीण हाय आत! दे कार्ड!"

कार्ड आत आलं. कॉपी बाहेर गेली. मी निऱ्यांतून कोड काढला, पुठ्ठ्यासकट फटीतून सरकवला. मावशीने तो दोन हातांनी डोक्यावर धरला असणार, कारण आवाज वरून येत होता. "ह्यावर टाका पैसं! ह्या बाईचं नाव वाचून टाका, दुसऱ्याच्या कोडावर टाकलं तर माझ्याशी गाठ हाय!"

एक गेला, दुसरा आला. केसपेपर, रेशनकार्ड, कुणाचा तरी एक्स-रे. म्हटलं, बाबा, याची झेरॉक्स काळीच येणार. घाम मशीनवर टपकत होता. फटीसमोर रांग लागली. दवाखान्याची रांग आखडून माझ्याकडे आली असं मी नळावर सांगते. खरं सांगायचं तर सतरा माणसं होती. सतरा पुरेशी होती.

शेवटी रांगेतच भडका उडाला. एका म्हाताऱ्याने विलासला विचारलं, "आत बाई हाय आन् भायेरनं कुलूप? पोलीस बोलवू?" विलास इकडेतिकडे बघायला लागला. नाना जेवायला घरी गेले होते. कुलूप निघालं. शटर वर गेलं. उजेडाने डोळे मिटले माझे.

विलास माझ्याकडे न बघता म्हणाला, "कुबड्या तुझ्या घरी टाकल्यायत रिक्षावाल्याने."

"आणून दे. तू आण."

गेला. तासाभराने आणल्या, काउंटरला टेकवून ठेवल्या, वर चावी ठेवली, आणि निघून गेला. त्याला दोन मुलं आहेत. मला माहीत आहे. ती माझ्या नावावर शाळेत गेली, हे त्यालाही माहीत आहे. रात्री दोन्ही गोष्टी माझ्याबरोबर असतात, मी कुठलीच हाकलत नाही.

नाना गप्प बसणारे नव्हते. पंधरा दिवसांत त्यांनी अर्ज टाकला: परवानाधारक बाईने अठरा वर्षं स्टॉल दुसऱ्याला चालवायला दिला, सबब परवाना रद्द करावा. कोणाला दिला ते लिहिलं नव्हतं. मला खुलासा द्यायला बोलावलं. समोर त्याच मॅडम.

ओळखीच्या सगळ्यांनी सांगितलं होतं, नाकारून टाक. मी नाकारलं नाही. स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं. होय, अठरा वर्षं नाव माझं, धंदा दुसऱ्याचा. होय, अट वाचून सही केली. होय, दर वर्षी तुमच्या माणसासमोर मी नऊ ते नऊ म्हटलं आणि ते खोटं होतं. त्या सकाळी मला कुणी उचलून आणलं, शटरला बाहेरून कुलूप कुणी लावलं, तेही लिहिलं, नावानिशी.

मॅडमनी वाचलं. "परवाना जाऊ शकतो. माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मग हे कशाला लिहिलंत?"

"माझ्या बाबतीत आजवर दुसरेच बोलले. माझा गुन्हा तरी मी सांगते."

त्या आठवड्यात नानांचा निरोप आईकडे आला. अर्ज मागे घेतो, महिना पाच हजार देतो, पोरीला समजाव. आई फोन कानाला लावून ऐकत होती. इतकी वर्षं ज्या माणसासमोर तिने मान वर केली नव्हती, त्याला ती म्हणाली, "माझां चेडू कामाक गेलां. सांजेक येतला." आणि फोन ठेवला.

निकाल अजून यायचा आहे. मी रोज ब्याऐंशी पायऱ्या बसून उतरते, रिक्षा करते, पाच पावलं कुबड्यांवर चालते. स्टॉलसमोरच्या धुळीत दोन गोल उमटतात आणि डाव्या बुटाची एक फरफटलेली रेघ. समोरचा चहावाला झाडू घेऊन आला होता, मी म्हटलं, राहू दे ते.

परवाना गेला तर याच गेटासमोर पुष्पामावशीच्या टोपलीशेजारी फळी टाकेन आणि फॉर्म भरून देईन. नाव मात्र पुन्हा कुणाला भाड्याने देणार नाही. साडी वर घेणार नाही. कुणाचा हात काखेत येणार नाही. आणि माझ्यावर कुणी विनोद केला, तर मी हसणार नाही. त्याच्याकडे बघत बसेन, तो हसायचा थांबेपर्यंत. मला घाई नाही. मला बसता येतं.